टाचेमागची दोरी आणि हजारावा झेल

मुलांनो, हातातला अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि उभे राहा. आता दोन्ही पायांच्या चवड्यांवर उंच व्हा. फळीवरचा लाडवाचा डबा काढताना होता ना, तसे! आता एक हात मागे नेऊन टाचेच्या वर चाचपून पाहा. एक जाडसर, ताठ दोरी हाताला लागते की नाही?

तीच आपली घोडशीर. कुणी तिला घोडनस म्हणतात. नावात शीर आणि नस असली तरी ती रक्तवाहिनी नाही बरं का! स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी ती एक चिवट दोरी आहे. अशा दोरीला विज्ञानाच्या पुस्तकात 'स्नायुरज्जू' म्हणतात आणि डॉक्टर 'टेंडन' म्हणतात. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली येता येता या एका दोरीत मिसळतात आणि ही दोरी टाचेच्या हाडाला घट्ट चिकटते. पोटरी आखडली की दोरी ओढली जाते, टाच वर उचलली जाते, आणि आपण चालतो, पळतो, उडी मारतो.

आपल्या शरीरातली ही सगळ्यात जाड आणि मजबूत दोरी. मजबूत असायलाच हवी. पळताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. म्हणजे तुमचे वजन ३० किलो असेल, तर धावताना प्रत्येक पावलाला तुमची घोडशीर जवळजवळ २०० किलोचा ताण सोसते. पन्नास किलोची चार पोती समजा!

आज मी तुम्हाला अशाच एका दोरीची गोष्ट सांगणार आहे. ती तुटली तेव्हा तिचा मालक ३६ वर्षांचा होता. धावणे आणि झेल घेणे हाच त्याचा व्यवसाय होता. आणि एका मोठ्या आकड्यापासून तो फक्त ३९ झेल दूर होता.

शूर योद्ध्याची कच्ची जागा

डॉक्टरांच्या भाषेत या दोरीला 'अकिलीस टेंडन' म्हणतात. हा अकिलीस कोण? ग्रीक पुराणकथांमधला महापराक्रमी योद्धा. त्याची आई थेटिस. आपल्या बाळाला कुठल्याच शस्त्राने जखम होऊ नये, म्हणून तिने त्याला स्टिक्स नावाच्या नदीत बुडवून काढले. पण बुडवताना त्याला कुठेतरी धरायला हवेच ना! तिने धरली टाच. तेवढीच जागा कोरडी राहिली, आणि पुढे ट्रॉयच्या युद्धात तिथेच बाण लागून तो मेला.

तुम्हाला आपल्या दुर्योधनाची आठवण झाली असेल. गांधारीच्या नजरेने त्याचे अंग वज्रासारखे झाले, फक्त मांडी कच्ची राहिली, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्हीकडच्या माणसांना एक गोष्ट कळलेली होती. कितीही बलवान माणूस असू द्या, त्याची एखादी जागा कच्ची असतेच.

फिलिप व्हर्हेयेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १६९३ साली आपल्या पुस्तकात या दोरीला अकिलीसचे नाव दिले आणि तेच रूढ झाले. नाव अगदी चपखल आहे. कारण एवढी बळकट असूनही टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तिला रक्ताचा पुरवठा कमी असतो. बहुतेक वेळा ती तुटते तीही तिथेच.

हा फुटबॉल वेगळा!

आपल्या गोष्टीचा नायक अमेरिकेतला आहे. त्याचे नाव स्टीव्ह स्मिथ. तो फुटबॉलपटू होता. पण फुटबॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुतेक वेळा हातानेच फेकतात आणि हातातच धरून पळतात. खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड गाद्या असतात, कारण समोरचा संघ तुम्हाला अक्षरशः लोळवायला येतो. आपल्या कबड्डीतली पकड आठवा, ती पूर्ण वेगात धावत येऊन केली तर कशी होईल!

मैदान १०० यार्डांचे असते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे साधारण साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचे असते. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. असे करत चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की झाला 'टचडाउन'. त्याचे सहा गुण.

चेंडू फेकतो तो 'क्वार्टरबॅक'. पुढे पळत जाऊन तो झेलतो तो 'रिसीव्हर'. स्टीव्ह स्मिथ हा रिसीव्हर होता.

रिसीव्हरचे काम किती अवघड? १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कपिल देवने व्हिव्हियन रिचर्ड्सचा झेल घेतला, तो तुम्ही टीव्हीवर नक्की पाहिला असेल. उलट पळत जायचे, मान वळवून चेंडूवर नजर ठेवायची आणि खांद्यावरून येणारा चेंडू पकडायचा. रिसीव्हरला असे झेल दर सामन्यात घ्यावे लागतात. शिवाय त्याच्या अंगाला अंग लावून प्रतिस्पर्धी पळत असतो. त्याला चकवायचे म्हणजे वेगात जाताना एकदम थांबायचे, वळायचे आणि पुन्हा मुसंडी मारायची. हे थांबणे आणि मुसंडी मारणे कशाच्या जोरावर? बरोबर ओळखलेत. घोडशिरेच्या!

छोट्या चणीचा मोठा खेळाडू

स्टीव्हचा जन्म १९७९ सालचा, कॅलिफोर्नियातला. तो लॉस एंजेलिसमध्ये वाढला. घरची परिस्थिती बेताची, म्हणून शाळेत असताना तो खाद्यपदार्थांच्या दुकानात काम करी. उंची फक्त ५ फूट ९ इंच. आपल्याकडे ही चांगली उंची झाली, पण रिसीव्हर बहुधा सहा फुटांच्या वरचे असतात. त्यामुळे २००१ मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा त्याचा नंबर थेट ७४ वा लागला. त्याला कॅरोलायना पँथर्स या संघाने घेतले.

पहिल्याच सामन्यात, पहिल्याच वेळी चेंडू हातात आला आणि हा पठ्ठ्या ९३ यार्ड पळत जाऊन टचडाउन करून आला!

२००४ च्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात त्याच्या पायाचे हाड मोडले आणि वर्ष वाया गेले. पुढच्या वर्षी काय झाले पाहा. झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्ही यादींत त्याचे नाव सगळ्यात वर होते! झेलांच्या आणि टचडाउनच्या यादीत त्याच्या बरोबरीला आणखी एकेक जण होता, एवढेच.

मात्र तो सगळ्याच बाबतीत आदर्श होता असे मी म्हणणार नाही. त्याचा राग मोठा. २००८ मध्ये सरावाच्या वेळी त्याने आपल्याच सहकाऱ्याला ठोसा मारला. संघाने त्याला दोन सामने बाहेर बसवले आणि ते योग्यच केले. शूर माणसाची कच्ची जागा नेहमी टाचेतच असते असे नाही, कधी ती स्वभावातही असते.

२०१४ मध्ये पँथर्सने त्याला सोडून दिले. वय ३४. त्या खेळात हे म्हातारपणच. पण बाल्टिमोर रेव्हन्स संघाने त्याला लगेच घेतले आणि त्या हंगामात त्याने एक हजारावर यार्डांची कमाई केली. जुन्या संघाविरुद्धच्या सामन्यात तर दोन टचडाउन केले!

२०१५ च्या हंगामाआधी त्याने जाहीर केले, "हे माझे शेवटचे वर्ष." चला, म्हणजे सगळे नीट ठरल्याप्रमाणे चालले होते.

१ नोव्हेंबर २०१५

त्या दिवशी बाल्टिमोरमध्ये सॅन डिएगो चार्जर्स संघाशी सामना होता. तिसऱ्या सत्रात स्टीव्ह खाली पडला तो उठलाच नाही. घोडशीर तुटली होती, आणि तीही दोन ठिकाणी.

ज्यांची ही दोरी तुटते ते बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात. "कुणीतरी मागून लाथ मारल्यासारखे वाटले." मागे वळून पाहावे तर कुणीच नसते. काहींना 'फट्' असा आवाजही ऐकू येतो.

सामना रेव्हन्सने जिंकला, पण स्टीव्हचा हंगाम संपला. तोपर्यंत त्याचे ९६१ झेल झाले होते. हजाराला ३९ कमी. त्या वेळेपर्यंत एक हजार झेल घेणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

आता सांगा, तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते? निवृत्ती तर जाहीर केलेलीच होती. नाव झाले होते, पैसा मिळाला होता. "एवढीच मजल होती माझी," म्हणून तो घरी बसला असता तरी कुणी नावे ठेवली नसती.

तागडीत टाकून पाहू या

तो परत खेळू शकेल का, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला होता. आपणही तो तराजूत घालून पाहू.

एका पारड्यात काय होते? पहिले म्हणजे वय. लहानपणी आपल्या या दोऱ्या नव्या सुतळीसारख्या असतात. वय वाढते तशा त्या कडक होत जातात आणि भरून यायला वेळ लागतो. दुसरे, त्याचे काम. गोलंदाजाला धाव कमी करून चालते, क्वार्टरबॅकला फार पळावे लागत नाही, पण ज्याची सगळी कला एका मुसंडीत आहे त्या रिसीव्हरने काय करावे? आणि तिसरे, आधीच्या खेळाडूंचा अनुभव. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा दुखापतीच्या फुटबॉलपटूंची पाहणी केली होती. तिच्यात तीनांतला साधारण एक जण मैदानावर परतलाच नव्हता. जे परतले त्यांना सरासरी अकरा महिने लागले, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा खेळ पहिल्यासारखा राहिला नाही.

हे पारडे जड आहे खरे! पण दुसऱ्या पारड्यातही काही होते. उपचार लगेच मिळाले. दुखापत हंगामाच्या मध्यावर झाली होती, म्हणून पुढच्या हंगामापर्यंत दहा महिने हातात होते. त्याचे हात तेच होते, नजर तीच होती आणि पंधरा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. कुठे वळायचे, प्रतिस्पर्ध्याला कुठे फसवायचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला थोडा कमी वेगही पुरतो. घरातल्या आजीचे पाहा ना! ती तुमच्यासारखी धावत नाही, पण स्वयंपाक तिचाच आधी होतो.

शिवाय एकदा मोडलेल्या पायानिशी परत येऊन पहिला नंबर मिळवलेला तो माणूस होता. २०१५ संपता संपता त्याने सांगून टाकले की मी परत येणार. दुखापतीला आपला शेवट ठरवू द्यायचा नाही, एवढेच त्याने ठरवले होते.

टाके घातले म्हणजे झाले?

नाही हो! खरे काम टाके घातल्यानंतर सुरू होते.

तुटलेल्या दोरीची टोके कशी दिसतात? झाडूची दोन टोके समोरासमोर ठेवल्यासारखी, तंतूच तंतू! शस्त्रक्रिया करून डॉक्टर ती जवळ आणतात आणि टाके घालतात. मग पाऊल खाली झुकलेले राहील अशा बेताने पाय एका कडक बुटात ठेवतात, म्हणजे दोरीवर ताण येत नाही. टाचेखाली पाचरी असतात. काही दिवसांनी एक पाचर काढायची, मग दुसरी. तोवर कुबड्या घेऊन चालायचे.

आत काय चालू असते? शरीर तुटलेल्या जागी नवे तंतू तयार करत असते. पण सुरुवातीला ते कसेही, आडवेतिडवे पडतात. गुंतवळासारखे! हळूहळू ताण मिळाला की ते ओढीच्या दिशेने सरळ होतात आणि पीळ बसल्यासारखी दोरी घट्ट होते. म्हणजे ताण द्यायलाच हवा. मात्र फार लवकर आणि फार जास्त दिला तर टाके सैल पडतात, दोरी लांब होते किंवा पुन्हा तुटते. मुळीच दिला नाही तर ती कमजोर राहते आणि पोटरी काडीसारखी होते. आहे की नाही कठीण? जास्त नाही, कमी नाही, रोज थोडे थोडे.

म्हणून व्यायाम कसे असतात ते ऐका. आधी बसल्या बसल्या पाऊल हलवायचे. मग आधार धरून दोन्ही पायांवर उभे राहून टाचा उचलायच्या. मग, काही महिन्यांनी, एका पायावर. मग हळू पळायचे. मग वेगाने. सगळ्यात शेवटी उडी, वळण आणि मुसंडी. पंधरा वर्षे हजारो लोकांसमोर धावलेल्या माणसाने महिनोन् महिने एका खोलीत टाचा वरखाली करत बसायचे! टाळ्या नाहीत, गुण नाहीत, आणि "परत खेळशील" अशी खात्री देणाराही कुणी नाही.

मग तो परत खेळला का?

खेळला!

२०१६ च्या ऑगस्टमध्ये तो सरावाला उतरला. ११ सप्टेंबर २०१६ ला हंगामाच्या पहिल्या सामन्यात तो मैदानात होता. दुखापतीच्या दिवसापासून मोजले तर ३१५ दिवसांनी. वय झाले होते ३७.

पहिले दोन सामने तसे साधेच गेले. लोक म्हणू लागले असतील, "आता पहिला स्टीव्ह राहिला नाही." पण २ ऑक्टोबरच्या सामन्यात ओकलंड रेडर्सविरुद्ध त्याने आठ झेल घेतले, १११ यार्ड मिळवले, आणि त्यातला एक झेल ५२ यार्डांच्या टचडाउनचा होता. दोन खेळपट्ट्यांहून लांब! जो पाय गेला असे वाटले होते, त्याच पायाच्या बळावर.

त्यानंतर घोटा दुखावून दोन सामने पुन्हा बाहेर बसावे लागले. तो परत आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने आपला हजारावा झेल घेतला. त्या खेळाच्या इतिहासात तिथवर पोचलेला तो चौदावा खेळाडू ठरला.

हंगामाअखेर हिशोब झाला. १४ सामने, ७० झेल, ७९९ यार्ड, ५ टचडाउन. संघाने आठ सामने जिंकले, आठ हरले आणि पुढच्या फेरीत जागा मिळाली नाही. सिनेमात असतो तसा चषक उंचावण्याचा शेवट या गोष्टीला नाही. १ जानेवारी २०१७ ला तो शेवटचा सामना खेळला आणि निवृत्त झाला. एकूण झेल १,०३१, यार्ड १४,७३१. मीटरमध्ये केले तर जवळजवळ साडेतेरा किलोमीटर! तो निवृत्त झाला स्वतःच्या पायांनी चालत, स्वतः ठरवलेल्या दिवशी. मला वाटते, त्याला हवे होते ते हेच.

सगळेच परत येतात का?

खोटे कशाला सांगू? नाही.

न्यूयॉर्क जायंट्स संघाचा व्हिक्टर क्रूझ हाही नावाजलेला रिसीव्हर. टचडाउन केले की आजीने शिकवलेला साल्सा नाच करून दाखवायचा. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालची दोरी तुटली. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता, म्हणजे दोरी तुटली तेव्हा स्टीव्हचे जे वय होते त्याहून नऊ वर्षांनी कमी. पोटरीच्या दुखण्यामुळे त्याचे २०१५ चे सगळे वर्ष गेले. २०१६ च्या पहिल्या सामन्यात त्याने टचडाउन केले, साल्साही केला. पण सबंध हंगामात ते एकच टचडाउन झाले, आणि त्यानंतर त्या स्पर्धेत तो पुन्हा खेळू शकला नाही. त्याने कष्ट कमी केले होते का? मुळीच नाही. प्रत्येकाची दोरी वेगळी, जखम वेगळी. दोन वर्षे धडपडून आजीचा नाच पुन्हा मैदानात करून दाखवणे हीही थोडीथोडकी गोष्ट नाही.

आपला पायाने खेळायचा फुटबॉल घ्या. डेव्हिड बेकहॅमची घोडशीर मार्च २०१० मध्ये तुटली. त्याचा त्या वर्षीचा विश्वचषक हुकला तो हुकलाच, पण सप्टेंबरमध्ये तो पुन्हा मैदानात होता.

आणि आपला सचिन! त्याचे दुखणे टाचेचे नव्हते, डाव्या कोपराचे होते. पण 'टेनिस एल्बो' म्हणजेही कोपरापाशी हाडाला चिकटलेल्या दोरीचेच दुखणे. २००५ च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्या दिवसांत हाताने साधी बॅटही उचलवत नव्हती आणि पुन्हा खेळता येईल की नाही अशी भीती वाटत होती, असे त्याने नंतर सांगितले आहे. ऑक्टोबरमध्ये आपल्या नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि ९३ धावा काढल्या. २४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरला पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातले पहिले द्विशतक झाले, तेही त्याचेच. तेव्हा त्याचे वय किती होते? ३६!

आई-बाबांसाठी दोन शब्द

घोडशीर तुटण्याचे प्रसंग जास्त दिसतात ते तिशी-चाळिशीतल्या मंडळींमध्ये. वर्षभर खुर्चीत बसायचे आणि स्नेहसंमेलनातल्या पालकांच्या शर्यतीत एकदम सुसाट सुटायचे, हे बरे नव्हे! दहा मिनिटे चाला, टाचा वरखाली करा, मग पळा.

मुलांची घोडशीर सहसा तुटत नाही. पण आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांना टाच दुखण्याचा त्रास होतो, कारण त्या वयात टाचेचे हाड वाढत असते. "नाटक करू नकोस" म्हणू नका. काही दिवस खेळ कमी करा आणि दुखणे थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवा.

मुलांनो, डॉक्टर घोडशिरेची एक सोपी परीक्षा करतात, ती तुम्ही घरी गंमत म्हणून पाहू शकता. बाबांना पलंगावर पालथे झोपायला सांगा, पावले काठाबाहेर राहू द्या. आता पोटरी हलकेच दाबा. पाऊल आपोआप थोडे हलले ना? म्हणजे दोरी शाबूत आहे. तुटली असेल तर पाऊल हलत नाही. मात्र पाय दुखत असेल तर हा प्रयोग नको. ते काम डॉक्टरांचे.

बाकावरचा खेळाडू

शेवटी, ही गोष्ट मी का सांगितली ते सांगते.

आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलाचा पाय खो-खो खेळताना मोडला. प्लास्टर निघाले त्याच आठवड्यात केंद्राच्या स्पर्धा होत्या. "बाई, मी खेळतोच," म्हणून तो हटून बसला. त्याचे वडील म्हणाले, "आता खेळ कायमचा बंद." एकाला उद्याच खेळायचे होते, दुसऱ्याला कधीच नको होते. दोघांनाही बसवून मी स्टीव्हची गोष्ट सांगितली. ३१५ दिवसांपर्यंत आले, तेव्हा पोराने बोटांवर महिने मोजले. वडील काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी विचारले, "बाई, ते टाचेचे व्यायाम आमच्या डॉक्टरांना विचारू का?"

त्या वर्षी तो मैदानाबाहेर बसून गुण लिहीत होता. रोज मधल्या सुट्टीत वर्गाच्या चौकटीला धरून टाचा उचलायचा. पहिल्या दिवशी तीन झाल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी वीस. पुढच्या वर्षी तो संघात होता. चौथ्याच मिनिटाला बाद झाला आणि हसत हसत बाहेर आला!

तुमच्याही आसपास कुणी बाकावर बसलेले असेल, प्लास्टर घातलेले किंवा कुबडी घेतलेले. त्याला "आता काय तुझे!" असेही म्हणू नका आणि "चल रे, काही होत नाही!" असेही म्हणू नका. त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि विचारा, "आज किती झाले?"

आणि तुम्ही? धरा चौकट, उचला टाचा. मोजा पाहू, किती होतात!